कथेत 'बंड' लिहू की 'क्रांती'?

मंगळावरच्या वसाहतीतले खाणकामगार कंपनीविरुद्ध उठतात, त्याला बंड म्हणू की क्रांती, असं तुम्ही विचारलंय. आधी बोलतंय कोण ते ठरवा. बंड हा बहुतेक वेळा वरच्याच्या तोंडचा शब्द. 'बंड मोडलं' आपण सहज म्हणतो. 'क्रांती मोडली' म्हणून बघा, कानाला खटकतं.

मी पनवेलला राहतो. गोवा हायवेला लागलं की शिरढोण येतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. 1879मध्ये ते रामोश्यांना घेऊन उठले, तेव्हा सरकारच्या लेखी दरोडेखोर होते. आज पाटीवर 'आद्य क्रांतिकारक'. त्यांच्या कितीतरी आधी, 1832मध्ये फाशी गेलेल्या उमाजी नाईकांनाही आता आद्य क्रांतिवीर म्हणतात, पण त्यांच्या लढ्याचं नाव अजून 'रामोश्यांचं बंड' असंच सापडतं. माणसाला बढती मिळाली, घटनेला नाही!

उठाव हा मधला शब्द. 2022मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ठाण्यात रोज ऐकलं: एक गट म्हणे गद्दारी, बातम्यांत बंड, आणि ज्यांनी केलं ते म्हणत, 'हा उठाव आहे'. तुमचे कामगारही स्वतःबद्दल उठावच म्हणतील.

इंग्रजीच्या नादाने 'बंडखोर' मात्र वापरू नका. 'स्टार वॉर्स'मधले रेबेल नायक असतात. आपल्याकडे बंडखोर म्हटलं की तिकीट कापलं म्हणून अपक्ष अर्ज भरणारा इच्छुक दिसतो.

क्रांती जपून. शब्दातच ओलांडणं आहे. सूर्य ज्या वाटेने सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त, संक्रांत त्याच घरातली. ऑक्सिजनचा कोटा कोण ठरवणार हेच बदललं तर क्रांती. नुसता मॅनेजर बदलला तर ते जमलेलं बंड.

आमच्या सोसायटीत टँकरच्या बिलावरून सात जणांनी मेंटेनन्स थांबवला होता. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लिहिलं, 'काही बंडखोर सभासद'. सातांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नाव 'जलक्रांती'. पुढच्या निवडणुकीत तेच कमिटीवर आले. टँकर अजून येतोच. परवा सभेत एका काकांनी त्याचं बिल मागितलं, तर नवे सेक्रेटरी म्हणाले, "काका, उगाच बंडाळी माजवू नका."