सत्तरीचं कार्ड निघालं, मग मेडिक्लेम सोडायचा?

प्रश्न : बाबा दारव्हा तालुक्यात कोरडवाहू कापूस करतात. दिवाळीनंतर सत्तर पूर्ण होतील. आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) निघालं की मेडिक्लेमचा हप्ता थांबवावा का? फार जड जातो.

उत्तर : दादा, कार्ड बेशक काढा. उत्पन्नाची अट नाही, मेडिक्लेम असला तरी मिळतं. आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या. शेतात राबून रेघा झिजलेला अंगठा मशीन घेत नाही, मग ओटीपीच कामी येतो.

कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, बीपी-शुगरसारखे जुने आजारही पहिल्या दिवसापासून. आई सत्तरीच्या झाल्या की त्याच ५ लाखांत दोघं. पण हे फक्त भरती झाल्यावर, अन् यादीतल्याच दवाखान्यात. महिन्याच्या गोळ्या खिशातूनच.

तुमचा नेहमीचा दवाखाना यादीत आहे का, आणि बाबांच्याच आजारासाठी आहे का, हे तिथल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. पाटी असते, पण हृदयाचं ऑपरेशन तिथे होतंच असं नाही.

तोवर हप्ता मोडू नका, असं माझं स्पष्ट मत. या वयात नवी पॉलिसी मिळालीच तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. एजंटकडून नवा आकडा लिहून घ्या.