गोल फळ चपटं का दिसतं?

प्रश्न : चेरी, टोमॅटो यांची पेन्सिलचित्रं काढताना कडेला भरपूर गडद छटा देतो, तरी फळ चकतीसारखं सपाट दिसतं. काय चुकतं?

उत्तर : चूक कडेलाच आहे. सर्वांत गडद पट्टा अगदी कडेवर नसतो, थोडा आत असतो. आजूबाजूच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड कडेला किंचित उजळवतो. ती बारीक फिकट किनार झाकली, की गोलाई गेलीच!

वनस्पतिचित्रात उजेड बहुधा वरून, डावीकडून धरतात. चमकेची जागा आधीच ठरवून तेवढा कागद कोरा ठेवा. नंतर खोडून काढलेला पांढरा तितका उजळ दिसत नाही. २एच या कठीण, फिकट पेन्सिलीने सुरुवात, मग मध्यम एचबी, आणि मऊ, गडद २बी फक्त त्या गडद पट्ट्यापुरती. टोक अणकुचीदार हवं आणि रेघा फळाच्या वळणाबरोबर वळायला हव्यात. बोटाने घासू नका, छटा मळकट होते.

देठाजवळचा खळगा मात्र उलटा वागतो. तिथे उजेडाकडची उतरण सावलीत जाते, पलीकडची उजळते. हे नीट पाहिलं नाही, तर खळग्याचं टेंगूळ होतं.