जळगावच्या डिग्रीला पुण्यात कोण विचारतं?

बारावी सायन्स झालेल्या एका मुलीच्या वडिलांनी जळगाव जिल्ह्यातून पत्र पाठवलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मुलीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं आहे. तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, रोज घरून येऊन-जाऊन होईल. पण पुण्यात नोकरीला असलेला भाचा म्हणतो, जळगाव विद्यापीठाच्या डिग्रीला इकडे कोणी विचारत नाही, पुण्याचंच नाव हवं. होस्टेलचा खर्च करायचा तर केळीच्या पुढच्या मालावर उचल घ्यावी लागेल. घेऊ का?"

नमस्कार दादा,

उचल घेऊ नका. निदान विद्यापीठाच्या नावासाठी तरी नको.

भाच्यावर रागावू नका. तो ऐकलेलं बोलतोय, आणि हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता पाठ झालंय. फक्त त्याला विचारा, पुणे विद्यापीठ म्हणजे कुठल्या सालचं? ते 1949 मध्ये सुरू झालं तेव्हा आपला सगळा खानदेश त्यातच होता. अंमळनेरचं प्रताप कॉलेज 1945 चं. तिथले सुरुवातीचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचे, नंतरचे पुण्याचे आणि 15 ऑगस्ट 1990 ला जळगावचं विद्यापीठ निघाल्यानंतरचे जळगावचे. एखाद्या घरात आजोबा मुंबईचे पदवीधर, वडील पुण्याचे आणि नात जळगावची असू शकते, आणि तिघंही एकाच कॉलेजात शिकलेले.

आपल्याकडची विद्यापीठं अशीच वाढली. पुण्यातून 1962 मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निघालं, 1990 मध्ये जळगावचं. पुढे शिवाजीतून 2004 मध्ये सोलापूरचं, नागपूरमधून 2011 मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. तुम्ही केळीवाले, तुम्हाला सांगायला नको: बुंध्याशी मुनवा फुटतो, तो काढून दुसरीकडे लावला की त्यालाही घड येतो. घड कसा येईल ते जमीन, पाणी आणि राखण यांवर ठरतं, आईझाड किती जुनं होतं यावर नाही. आणि जळगावचं विद्यापीठ फार नवंही राहिलेलं नाही. नंदुरबार जिल्हा झाला 1998 मध्ये, म्हणजे हे विद्यापीठ त्याच्या हद्दीतल्या एका अख्ख्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठं आहे.

जुनं म्हणजे भारी या समजुतीवर मला नेहमी एक गोष्ट आठवते. मुंबई विद्यापीठ 1857 चं. त्याची बीएची पहिली तुकडी 1862 मध्ये बाहेर पडली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्याच तुकडीतले. तेव्हा विद्यापीठाचं वय होतं पाच वर्षं. 'नव्या विद्यापीठाची डिग्री' तेव्हा त्यांच्याही हातात होती.

पण मी इथेच थांबलो तर तुमची फसवणूक होईल. तेव्हा पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, म्हणून नुसती पदवीही चालून जायची. आज गल्लीत चार पदवीधर आहेत. पदवीचं वजन सगळीकडेच उतरलंय, पुण्यातही. जुन्या नावानं ते परत येत नाही.

कायद्यानं तर फरक काहीच नाही. एमपीएससी, यूपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, कुठल्या ते कोणी विचारत नाही. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम नावाची प्रवेश परीक्षा असते. त्यात केमिस्ट्रीचा पेपर एकच, मुलगी पुण्याची असो की चोपड्याची. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा, तिथेही तेच.

आता भाच्याचं बरोबर कुठे आहे ते सांगतो. पुण्यात राहणाऱ्या मुलीला कंपन्या जवळ, एनसीएलसारखी (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संशोधन संस्था जवळ, आणि जॅमची तयारी करणारे सीनियर शेजारच्या खोलीत. तिला पहिल्या वर्षीच कळतं की पुढे काय काय असतं. तालुक्याच्या मुलीला ते बऱ्याचदा तिसऱ्या वर्षी कळतं, फॉर्मची तारीख गेल्यावर. उणीव असते ती या सोबतीची. मोबाईल आणि थोडी चिकाटी असेल तर ती बरीचशी भरून काढता येते, पूर्ण नाही.

म्हणून विद्यापीठाचं नाव बाजूला ठेवा आणि कॉलेज बघा. प्रवेशाआधी एकदा दोघं जाऊन या, कामकाजाच्या दिवशी, दुपारी. केमिस्ट्री विभागात किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, हे विचारायला लाजू नका. तासिकेवरचे सर वाईट शिकवतात असं मी म्हणत नाही, उलट मन लावून शिकवणारे पुष्कळ पाहिलेत. पण पुढच्या जूनमध्ये ते असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नसतं. प्रयोगशाळेत डोकवा. बाटल्यांवर धूळ आहे का? मुलं स्वतः टायट्रेशन करतायत, की सर दाखवतायत आणि मुलं उतरवून घेतायत? मागच्या वर्षीचं जर्नल पाहून यंदाचं पूर्ण करायची पद्धत ज्या कॉलेजात आहे, तिथून निघून या, मग ते कुठल्याही विद्यापीठाचं असो, आणि पुण्यातही अशी कॉलेजं आहेत. जवळपास स्वायत्त कॉलेज असेल तर तेही बघा: अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज ठरवतं, पदवी विद्यापीठाचीच मिळते. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो हा फायदा. न बदलणारीही आहेत.

हे सगळं का, तर नोकरीच्या दारात काय होतं ते ऐका. बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलांना पहिली नोकरी बहुधा औषध किंवा रसायन कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात मिळते. खानदेशाला लागूनच गुजरात, आणि अंकलेश्वर-वापीचा पट्टा या कारखान्यांनी भरलेला आहे. तिथे मुलाखतीत विद्यापीठावर चर्चा होत नाही. विचारतात, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्वतः काम केलंय का, द्रावणाची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, काढून दाखव. तिथे बरीच मुलं गप्प बसतात. नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि शिफ्ट करावी लागते, हेही आत्ताच माहीत असू द्या.

म्हणून माझं मत असं: बीएस्सी घरून करू द्या आणि होस्टेलचा पैसा एमएस्सीसाठी राखून ठेवा. बाहेर पडायची खरी वेळ ती. तेव्हा ती जॅम देऊन जाईल, किंवा जळगावच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या रसायनशास्त्र विभागात जाईल, नाहीतर मुंबई-पुण्याला. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्सही घेता येतं. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स, आणि चार वर्षं झालेल्यांना एमएस्सी एका वर्षाची. मात्र ते चौथं वर्ष आणि संशोधनाची सोय त्या कॉलेजात आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. पुढे विद्यापीठ बदलायचं झालं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते निकालानंतर लगेच काढा.

एक राहिलंच. तुमच्या पत्रात भाच्याचं मत आहे, तुमचं आहे, मुलीच्या मामांचंही एका ओळीत आहे. तिचं कुठेच नाही. तिला पुण्याला जायचंय का? केमिस्ट्री तिला आवडते, की मार्क तिथे जास्त पडले म्हणून? बारावीत ऑरगॅनिकच्या अभिक्रिया तिला सहज जमल्या की घोकाव्या लागल्या, एवढं विचारा तिला. आणि त्याचं उत्तर मला तिलाच लिहू द्या.