वाचकांचे प्रश्न : बिल्ड चालू असताना डेटाबेस का बंद पडतो?

प्रश्न : शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत्यासाठी मी सौद्यांच्या नोंदींचे वेब ॲप तयार केले आहे. ॲप नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) लिहिलेले असून डेटाबेस मायएसक्यूएल आहे, आणि दोन्ही १ जीबी रॅमच्या एकाच उबुंटू सर्व्हरवर आहेत. सर्व्हरवर बिल्ड (कोडपासून चालवण्याजोग्या फायली बनवण्याचे काम) सुरू केली की काही मिनिटांत ‘किल्ड’ एवढाच शब्द येतो. दोनदा तर बिल्ड पूर्ण झाली, पण डेटाबेसच बंद पडला. मोठा प्लॅन घ्यावा का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात घेऊ नका. लिनक्समध्ये मेमरी पूर्ण संपली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, स्वतःच एखादी प्रक्रिया ठार करून बाकीची यंत्रणा वाचवतो. मात्र मेमरी शेवटी कोणी मागितली हे न पाहता, त्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे हे तो प्रामुख्याने पाहतो. म्हणूनच भूक बिल्डची असूनही बळी कधी कधी मायएसक्यूएलचा जातो. कर्नलच्या नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधा, म्हणजे खात्री होईल. बिल्ड १३७ या क्रमांकाने संपली असेल, तर तोही सक्तीने थांबवल्याचाच संकेत आहे, कारण १२८ मध्ये ‘किल’ या सिग्नलचा ९ हा क्रमांक मिळवून तो बनतो. ‘फ्री’ या कमांडच्या उत्तरात मात्र ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नका, रिकामी मेमरी लिनक्स फायलींच्या कॅशसाठी (तात्पुरत्या साठ्यासाठी) वापरतो आणि गरज पडताच मोकळी करतो, म्हणून ‘अव्हेलेबल’चा रकाना खरा धरावा.

तातडीचा उपाय म्हणजे २ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. ती तयार करून फक्त रूटला (सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्याला) वाचता-लिहिता येईल अशी ६०० ही परवानगी द्या, स्वॅप म्हणून चालू करा आणि एफएसटॅबमध्ये (सर्व्हर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या नोंदींच्या फाइलमध्ये) तिची ओळ घाला, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ती लागू राहणार नाही. पण स्वॅप म्हणजे डिस्क, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. अधूनमधून होणाऱ्या बिल्डला तिचा आधार चालेल, रोजच्या कामाला नाही.

माझ्या मते मूळ चूक बिल्ड सर्व्हरवर करण्यातच आहे. आपल्याकडे उसाचा रस गुऱ्हाळावरच्या काहिलीत आटतो आणि यार्डात येतो तो तयार रवा. काहील कोणी अडत्याच्या दुकानात मांडत नाही. तशीच बिल्ड आपल्या लॅपटॉपवर किंवा गिटहब ॲक्शन्ससारख्या ऑनलाइन बिल्ड करणाऱ्या सेवेवर करा आणि तयार फायलीच सर्व्हरवर पाठवा. लॅपटॉप विंडोजचा असेल, तर लॅपटॉपवरचा नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे ॲप वापरत असलेल्या तयार पॅकेजेसचा, फोल्डर जसाच्या तसा उचलू नका, कारण काही पॅकेजेसमध्ये त्या त्या यंत्रणेसाठी कंपाइल केलेला भाग असतो. चालवायला लागणारी पॅकेजेस सर्व्हरवरच इन्स्टॉल करा.

त्यानंतर नोडला ‘मॅक्स ओल्ड स्पेस साइझ’ने, समजा, ३०० एमबीची मर्यादा घाला. ही मर्यादा जावास्क्रिप्टच्या हीपपुरती (कोडचा डेटा ठेवण्याच्या मेमरीपुरती) आहे, संपूर्ण प्रक्रियेला तिच्यापेक्षा अधिक मेमरी लागते. आणि ती फार कमी ठेवली, तर ॲप ‘हीप आउट ऑफ मेमरी’ म्हणून स्वतःच कोसळेल. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा) मुळात १२८ एमबीचा असतो, त्याला सहसा हात लावू नये. परफॉर्मन्स स्कीमा (डेटाबेसच्या कामगिरीची मोजमापे ठेवणारी सोय) मात्र बरीच मेमरी अडवते, ती बंद केल्याने आपल्या कामाला बाधा येणार नाही.

इतके करूनही ॲपची मेमरी दिवसागणिक वाढतच राहिली, तर दोष कोडमधील गळतीचा (वापरून झालेली मेमरी न सोडण्याचा) आहे आणि मोठा सर्व्हर तो फक्त पुढे ढकलेल. वापर स्थिर असूनही स्वॅपमध्ये सतत ये-जा दिसली, तर मात्र २ जीबीचा प्लॅन अवश्य घ्या. डेटाबेसच्या सेटिंगमधील बदल सौदे आटोपल्यावरच करा आणि त्याआधी नोंदींची एक प्रत सर्व्हरबाहेर काढून ठेवा.