खाऊ लगेच खाल्ला म्हणून संशोधक होता येणार नाही?

प्रश्न : विज्ञानातले आणि मानसशास्त्रातले चक्रावून टाकणारे नवे शोध वाचायचं मला वेड आहे. करिअरही त्यातच करावंसं वाटतं. पण बालवाडीत, मुलं किती धीर धरतात हे पाहणाऱ्या मार्शमॅलो चाचणीसारखा, आमच्यासमोर खाऊ ठेवला होता आणि मी मिनिटभरही थांबले नव्हते, असं घरचे अजून सांगतात. म्हणजे माझ्यात चिकाटी नाही. शिवाय मी ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे चित्रं बघून शिकणारी आहे, त्यामुळे शोधनिबंध वाचणं जमेल का? आई म्हणते, हा नुसता टाइमपास आहे.

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ज्या दोन गोष्टींवरून तू स्वतःला नापास ठरवलं आहेस, त्या दोन्ही फेरतपासणीत डळमळल्या आहेत.

आधी तो खाऊ. मार्शमॅलो चाचणीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांपुढे पर्याय ठेवला : आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे. जास्त वेळ थांबलेली मुलं पुढे अभ्यासातही सरस ठरली, असा निष्कर्ष १९९० मध्ये आला आणि जगभर गाजला. पण मुलं मोजकी होती आणि बहुतेक विद्यापीठाशी जोडलेल्या घरांतली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या आईला पदवीपर्यंत शिकता आलं नव्हतं, अशा मुलांवर त्यांचा मुख्य भर होता. तिथे थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही साधारण दोन तृतीयांश गळून पडला. तू खाऊ खाल्लास, कारण तुला तो हवा होता. विषय संपला.

‘व्हिज्युअल लर्नर’बद्दल माझीच एक कबुली. कोण बघून शिकतं, कोण ऐकून, अशी शिकण्याची ‘शैली’ ठरवणारे फॉर्म काही वर्षं मीही मुलांकडून भरून घेत होतो. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांचा २००८ मधला आढावा मी फार उशिरा वाचला. ज्याच्या-त्याच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्यानं जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नव्हता. फॉर्म त्याच आठवड्यात रद्दीत गेले. चित्रं आवडणं वेगळं आणि वाचून न समजणं वेगळं.

उलट हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ मधला प्रयोग तुझ्या उपयोगाचा आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत मात्र आठवून लिहिणारे. शोधनिबंधही असाच वाचायचा : पान मिटायचं आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

आता मुख्य मुद्दा. वरचं वाचून तुला काय वाटलं? ‘अरेरे, म्हणजे तेही खोटं निघालं’ असं वाटून रस संपला असेल, तर शोध वाचण्याची आवड ही छान आवड आहे. ती तशीच राहू दे. पण ‘पहिल्यांदा चूक कुठे झाली?’ हे विचारावंसं वाटलं असेल, तर हे काम तुझं आहे. ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं २७० जणांनी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा निकाल होता. फेरप्रयोगांत तो जेमतेम ३६ टक्क्यांत मिळाला. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. कोणाला ही मानसशास्त्राची नामुष्की वाटली. मला तर त्या वर्षी या विषयाबद्दलचा आदर वाढल्यासारखं वाटलं.

बातमीत दिसत नाही ते रोजचं कामही बघून घे. २०२२ मध्ये लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेतून बातमी आली की बंबलबी माश्या, बदल्यात काही मिळत नसताना, लाकडी गोळे लोळवत खेळतात. एकीनं तर ११७ वेळा लोळवला. वाचायला मजा येते, पण हे प्रत्येक लोळवणं कुणीतरी मोजलेलं असतं! २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा आला : १,३९,२५५ चेतापेशी. चेतापेशींचे संगणकानं जोडलेले धागे माणसांनी डोळ्यांत तेल घालून तपासले, दुरुस्त केले. त्यात जीवशास्त्राचे लोक होते, प्रोग्रामिंगवाले होते, हौशी स्वयंसेवकही होते.

म्हणून मानसशास्त्र की जीवशास्त्र, हा प्रश्न आत्ता सोडवायची घाई नको. पदवीला दोन्हींपैकी काहीही घे, पण संख्याशास्त्र टाळू नकोस आणि थोडं प्रोग्रामिंग शिक. मानसशास्त्राला गणित लागत नाही, असं समजून येणारी मुलं पहिल्याच वर्षी हबकतात. आणि समुपदेशक व्हायचं असेल तर वाट निराळी : तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालचं काम लागतं, नव्या शोधांचं कुतूहल तेवढ्यानं भागत नाही.

आईला टाइमपास वाटतोय, त्यात तिची फारशी चूक नाही. तिला तू फक्त स्क्रीन सरकवताना दिसतेस. एक वही कर. आठवड्याला एकच शोध निवड आणि चार गोष्टी लिही : माणसं किंवा प्राणी किती होते, तुलना कशाशी केली, दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलं का, आणि बातमीनं काय फुगवलं. दोन महिन्यांनी वही आईला दाखव आणि मलाही कळव. तिसऱ्याच आठवड्यात कंटाळा आला, तर तेही लपवू नकोस. मग आपण दुसऱ्या दिशेनं बोलू.