संगणककाका : नव्या मशीनवर जुनं काम

प्रश्न : काका, माझे बाबा मंडळासाठी एकांकिका लिहीत. त्यांच्या साठेक फाइली जुन्या मशीनवरून मी पेनड्राइव्हवर काढून घेतल्या. आता उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइली खराब झाल्या का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही ताई, एक अक्षरही बिघडलेलं नाही. बाबांनी टाइप केलं मराठी, पण फाइलीत मराठी कधी गेलंच नाही. त्या वेळी आपल्याकडे टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव नावाचा फॉन्ट चाले. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. 'मराठी' लिहायला ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढी बटणं दाबायची. फाइलीत जमा होतात ती हीच पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट मशीनवर आहे तोवर मराठी दिसतं, नसला की खालचं उघडं पडतं.

इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ सालचं, जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आला तो विंडोज २०००बरोबर, आणि दुकानांत तर त्यानंतरही कितीतरी दिवस ९८च नांदत होतं. त्यामुळे बाबांना दोष देऊ नका. मंडळाची सभासद-यादी मी स्वतः अशाच फॉन्टात केली होती, आणि मी तर या धंद्यातला माणूस!

आता काय करायचं? मूळ फाइलींची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. वर्डची फाइल असेल तर मजकूर निवडल्यावर फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं, फॉन्ट मशीनवर नसला तरी. तो मिळवून घाला, मजकूर दिसला की आधी पीडीएफ काढा. मग कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, युनिकोड करा आणि शेवटी डोळ्यांनी वाचा, ही पायरी गाळू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. जोडाक्षरापाशी कन्व्हर्टर हमखास घसरतो. दुसरं म्हणजे मी वापरलेले कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते, मराठीतला आडवा रफार त्यांना कळत नसे. माझ्या एका लेखातल्या 'आचाऱ्याला' त्यांनी 'आचार्याला' करून टाकलं, आणि लग्नातली जिलबी तळायला थेट गुरुजीच बसले.

प्रश्न : आमचा उधारीचा प्रोग्रॅम १९९४ साली डॉसवर करून घेतलेला. नवा कॉम्प्युटर घेतला तर तो चालूच होत नाही. मुलगा म्हणतो, फेका. तीस वर्षांचा हिशेब कसा फेकू?
– एक दुकानदार, सियागंज

उत्तर : फेकू नका. तुमचा प्रोग्रॅम १६ बिटांचा, म्हणजे जुन्या घडणीचा आहे आणि ६४ बिटांचं विंडोज तसले प्रोग्रॅम चालवत नाही. विंडोज १० निदान ३२ बिटांत मिळत होतं, ११ तसं आलंच नाही. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग आणतो. मात्र तो खेळांसाठी केलेला, प्रिंटरचं त्याला वावडं. बिलं छापायची असतील तर व्हीडॉस बघा.

पण प्रोग्रॅमपेक्षा मला काळजी हिशेबाची. फोल्डरमध्ये डीबीएफ शेपटीच्या फाइली आहेत का बघा. असतील तर लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये, म्हणजे त्यांच्या एक्सेलमध्ये, त्या सरळ उघडतात. प्रोग्रॅम आज ना उद्या जायचाच, खतावणी सुटून बाहेर आली की झालं. नवं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो : तुला सोडून जायचं ठरवलं तर माझा डेटा कसा नेऊ? त्यावर तो चहा मागवायला लागला तर समजून जा.

याच डीबीएफमध्ये मी एकदा तोंडघशी पडलो. तारखेच्या रकान्यात साल चार आकडी साठतं, सगळं तयार होतं. मी शहाणपणा करून एका पतपेढीच्या प्रोग्रॅममध्ये साल वेगळ्या रकान्यात दोन आकड्यांत ठेवलं. डिस्कवरची जागा वाचवतो, अशी सबब. खरं तर २००० साली हा प्रोग्रॅम कुणी वापरत असेल असं वाटलंच नव्हतं. २००० दूरच राहिलं, १९९७ सालीच पाच वर्षांची ठेव आली. ०२तून ९७ गेले, मुदत उणे ९५ वर्षं, आणि पावतीवर व्याज ठेवीदाराकडून येणं! मॅनेजरांनी पावती माझ्यासमोर ठेवली आणि काही न बोलता चष्मा पुसत बसले.

प्रश्न : काका, विंडोज १० बंद झालं म्हणतात. मशीन चांगलं चालतंय. नवं घ्यावंच लागेल का?
– एक गृहिणी, सुदामा नगर

उत्तर : १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, मशीन संपलं नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, म्हणून पुष्कळ धडधाकट मशिनं दाराबाहेर राहिली. हे मला पटलेलं नाही. पत्रं नि इंटरनेट एवढंच काम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टिम घाला. बँकेचं काम मात्र सपोर्ट संपलेल्या विंडोजवर नको.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, जुन्याचं ओझं टाकलं की वेग येतो, ॲपलकडे बघा. तुम्हाला काय वाटतं?
– इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी

उत्तर : सरांना विचार, ॲपलने १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा प्रोसेसर बदलला तेव्हा जुने प्रोग्रॅम चालवायची सोय दिली होती की नाही? प्रत्येक वेळी दिली होती. काही वर्षांनी काढून घेतात, ते वेगळं. उलट इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर बघ. २००१ साली नवी कोरी रचना आणली, जुने प्रोग्रॅम त्यावर रडतखडत चालत. २००३ मध्ये एएमडीने जुन्याच रचनेला ६४ बिटांची माडी चढवली, आणि पुढच्याच वर्षी इंटेललाही तीच वाट धरावी लागली. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही मोठ्या संगणकांची मालिका आणली, तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांच्या आजच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, चालतात.

ओझं असतंच, नाही कोण म्हणतं? एक्सेलमध्ये ६० लिही आणि तारखेचा फॉरमॅट दे : २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस उजाडलाच नव्हता, १९०० लीप वर्ष नव्हतं. चूक एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या तसल्याच प्रोग्रॅमची, पण लोटसच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली. आता लिब्रेऑफिसमध्ये तेच कर, २८ फेब्रुवारी येईल. मग दोन्हीकडे ६१ लिहून बघ : १ मार्च. लिब्रेऑफिसवाल्यांनी आपली मोजणी एक दिवस आधीपासून सुरू केली आणि मार्चपासून एक्सेलच्या पावलाशी पाऊल मिळवलं.