इमेज घेऊ की सिंक लावू?

प्रश्न : ताई, मी मनीष नगरात राहतो, बॅकएंडचं काम करतो. विंडोजचा लॅपटॉप आहे, ५१२ जीबीचा एसएसडी. कामाचं फोल्डर सिंकथिंगने (दोन मशीनवरची फोल्डरं सारखी ठेवणारा प्रोग्राम) घरच्या जुन्या डेस्कटॉपवर जात असतं. मित्र म्हणतो, ते सोड, दर रविवारी क्लोनझिला या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी प्रत, घे. दोन्ही करायला वेळ नाही. कोणतं ठेवू?

उत्तर : भाऊ, आधी माझी फजिती ऐका. मे महिन्यातली रात्र, लाइन गेली आणि तासाभराने आली. मशीन आपोआप सुरू झालं, पण कामाची दुसरी डिस्क काही माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही. रात्री दोनला नेहमीसारखं आरसिंक, म्हणजे फोल्डरची दुसरीकडे प्रत ठेवणारी कमांड, चाललं. 'इकडे नसेल ते तिकडूनही काढ' हा डिलीटचा पर्याय मीच लावलेला. इकडचं फोल्डर रिकामं दिसल्यावर त्याने तिकडची प्रत झाडून साफ केली. सकाळी डिस्क माउंट केली तर मूळ डेटा जागेवर होता, म्हणून निभावलं. त्या झटक्यात डिस्कच गेली असती तर?

सिंक तुमची चूकही तितक्याच इमानदारीने पोचवतं. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. डेस्कटॉपच्या बाजूने ती आजच सुरू करा. नोड मॉड्यूल्स (पुन्हा उतरवता येणाऱ्या लायब्रऱ्यांचं फोल्डर) आणि गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामचं, लपलेलं फोल्डर सिंकमधून वगळा. दोन मशीनवर एकाच वेळी बदल झाले की गिटच्या फोल्डरची पार वाट लागते.

कोड रोज संध्याकाळी पुश करा, म्हणजे गिटमधून सर्व्हरवर पाठवा; अर्धवट असला तरी वेगळ्या ब्रांचवर (शाखेवर). पण स्टॅश (गिटमध्ये तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) पुश होत नाही आणि पासवर्ड-सेटिंगची ईएनव्ही फाइल आपण गिटमध्ये टाकत नाही, हे विसरू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू असताना त्याचं डेटा फोल्डर सिंक करण्यात अर्थ नाही. एक फाइल आत्ताची, दुसरी मघाची, अशी खिचडी होते. पीजी-डंप या कमांडने डेटाबेसची एकसंध प्रत काढून ती सिंकच्या फोल्डरात टाका.

मित्राचं म्हणणं चूक नाही. एसएसडी मेला की डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स), व्हीपीएन, सर्टिफिकेटं पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातात. इमेज असली तर एका संध्याकाळीत काम होतं. पण रविवारची इमेज गुरुवारी टाकली तर मधले दिवस गेले. आणि त्यातून एकच फाइल काढायची म्हणजे डोक्याला ताप.

म्हणून सिंक ठेवा. इमेज दर रविवारी नको, सेटअप मोठा बदलला की घ्या. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको, नाहीतर क्लोनझिला अडून बसतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर क्लोनझिला रिकामी जागाही सेक्टरन्‌सेक्टर उतरवतं, त्यामुळे वेळ आणि जागा दोन्ही जास्त धरा. आणि बिटलॉकरची 'रिकव्हरी की', म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, कागदावर लिहा; त्याच लॅपटॉपच्या नोटपॅडमध्ये ठेवणारे मी पाहिलेत.